पांढरं होण्याआधीचं हाड

"हिला वास येत नाही बरं का. पिढीजात सवय आहे."

सर असं म्हणाले आणि चहाचे कप धरलेली सगळी शहाणी माणसं हसली. कालची गोष्ट. जालन्यातल्या आमच्या कॉलेजात बायोमटेरियलवाल्यांची परिषद होती. माणसाच्या शरीरात बसवता येतील असे पदार्थ शोधणारी ही मंडळी, कुणी पुण्याहून, कुणी हैदराबादेहून आलेली. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. पाहुण्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली ती ही अशी. आणि मीही हसले. त्या हसण्याची चीड अजून गेलेली नाही.

आमचं काम म्हशीच्या हाडांवर. खाटकाकडून ओली हाडं आणायची, उकळायची, चाकूनं मांस-चरबी खरवडायची, मग भट्टीत भाजायची. भट्टीतून हाड पांढरंशुभ्र निघतं. त्याची भुकटी दात काढलेल्या जबड्यात भरावी आणि तिच्या आधारानं नवं हाड धरावं, यासाठी सगळी धडपड. ओली हाडं आळीपाळीनं साफ करायची, असा प्रयोगशाळेचा नियम. पण सुरुवातीलाच एकाला उलटी झाली, एकीचा उपवास निघाला, आणि चाकू माझ्याकडे आला तो कायमचा. भट्टीच्या आधी हाड माझं. पांढरं झालं की सगळ्यांचं.

तरी मी गप्प होते. कारण परिषदेत माझा प्रयोग मीच मांडणार, असं ठरलं होतं. चहा संपता संपता सर म्हणाले, "सादरीकरण समीर करेल. तू खाली प्रयोगशाळेत पोरांना हाडं साफ करून दाखव." समीर माझ्या मागून आलेला. ओल्या हाडाला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं.

जिन्यात जाऊन मायला फोन लावला. ती कुंभार पिंपळगावला असते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बौद्ध झाल्यावर तुझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं बंद केल्तं. गावानं पाणी तोडलं, काम तोडलं. पर तो हटला न्हाई. अन् तू इतकं शिकून तेच करून राह्यलीस?"

"माय, हाडात वाईट काय न्हाई. मला हे काम आवडतं."

"मंग हाड नको टाकू. पर आज्यानं टाकलेलं वझं उचलू नको."

खाली गेले. पोरं वाट पाहत होती. घमेल्यात ओली हाडं, वर चाकू. मी घमेलं उचललं आणि सरळ सभागृहात शिरले. पडद्यावर माझीच पहिली स्लाईड होती. सरांसमोरच्या टेबलावर, फुलदाणीशेजारी, मी घमेलं ठेवलं. पुढच्या रांगेतले रुमाल नाकाला गेले.

"आज तुमचा नंबर आहे, सर. प्रयोग माझा आहे. तो मी मांडणार."

"हा काय तमाशा लावलाय? उद्यापासून प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही."

"उद्या बराबर दहाला येते."

समीरनं खाली बघत माईक सोडला. माझा आवाज फाटत होता. त्याच आवाजात शेवटपर्यंत बोलले. टाळ्या वाजल्या नाहीत.

आज अजून दहा वाजायचेत. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांची मेहनत त्या दारामागे आहे. पण मी निघालेय. कुलूप बदललं असेल तर दारात बसेन, येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगेन. दार उघडं असेल तर आत जाऊन माझी भट्टी लावेन. चाकू टेबलाच्या मधोमध ठेवेन. ज्याला पांढरी भुकटी पाहिजे, त्यानं आधी तो उचलायचा. सरांनीसुद्धा.