लाल फितीची पिन

विमानाला रिव्हर्स गिअर नसतो. जागेवरून निघताना ट्रॅक्टर त्याला नाकाला धरून मागं ढकलतो. हे प्रवाशांना आधी सांगितलं, तर निम्मे खाली उतरून एसटी पकडतील.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याच्या विमानतळावर हेच काम करायचो. शिरूरहून रोज मोटरसायकलवर जायचो. माझ्याकडं हेडसेट होता. विमानाच्या नाकाशी वायर खोचायची, कानांवर ती डबडी चढवायची आणि वर बसलेल्या कॅप्टनशी बोलायचं. ब्रेक सोडा, ब्रेक लावा, एवढाच संवाद, पण इंग्रजीत. माझं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं. मी "रिलीज ब्रेक्स, सर" हे रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचावा तशा आवाजात म्हणायचो.

ट्रॅक्टर चालवणारे मामा दौंडचे; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांचे वडील रेल्वेत शंटिंगला होते, त्यामुळं मामांच्या लेखी विमान म्हणजे पंख फुटलेला डबा. "तुझ्या सायबाला इचार, करायचं का शंटिंग?" असं ते खालून ओरडायचे आणि मी त्याचं भाषांतर करून वर कळवायचो.

विमान ढकलताना पुढचं चाक कॅप्टननं वळवू नये म्हणून त्या चाकापाशी एक पिन घालतात. पिनेला हातभर लाल फीत असते. ढकलून झालं की ती काढायची, हेडसेटची वायर उपसायची, कॅप्टनला दिसेल असं बाजूला उभं राहायचं आणि पिन फितीसकट उंच धरून अंगठा दाखवायचा. कॅप्टन आतून हात हलवतो आणि निघतो. वायर निघाल्यामुळं बोलणं संपलेलं असतं. जे काही असतं ते हातावरच्या विश्वासावर.

नियमानं पिन काढायचं काम माझं. पण मामा ट्रॅक्टरचा विमानाला जोडलेला दांडा सोडायला वाकायचेच, म्हणून पिनही तेच उपसून माझ्या हातात ठेवायचे. ट्रॅक्टरच्या पेटीत एक जादा पिन असायची. एकदा पिन हरवल्यावर इन्चार्जनं माझा उद्धार केला होता. तेव्हापासून ती जादा पिन मी माझ्या मागच्या खिशात ठेवू लागलो. मामांनाही सांगितलं नाही.

एका दुपारी मामांना दौंडची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, "मामा, दांडा सोडा आणि निघा. पिन मी काढतो."

"नक्की ना रं?"

"अहो, निघा."

मामा गेले. तेवढ्यात कानात कॅप्टन म्हणाला, की तुझं बोलणं फार स्वच्छ आहे. झालं, मी जमिनीवर राहिलोच नाही. वायर काढली, ऐटीत बाजूला गेलो, खिशातली पिन उंच धरली आणि अंगठा दाखवला. कॅप्टननं हात हलवला. विमान थोडं सरळ गेलं आणि वळायच्या जागी येऊन थांबलं. वळेचना. नाकाखाली मी काढायची विसरलेली खरी पिन तशीच होती आणि लाल फीत वाऱ्यावर मला वेडावत होती.

मामांना गेटवरून परत आणलं. इन्चार्जनं मला विचारलं, "पिन कोण काढतं?"

"रोज मामाच काढतात," मी म्हणालो. यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मग तू दाखवलीस ती कुठली?"

"मामांनी पेटीतली दिली असेल. त्यांना गाडीची घाई होती."

मामा माझ्याकडं बघत राहिले. "आरं, मी काढतो म्हणाला व्हतास ना तू?"

"ते सकाळच्या विमानाला, मामा."

त्यांनी डोळे बारीक करून आठवून बघितलं. मग मान खाली घातली. "मंग इसरलो आसंल मी."

मामांचा ट्रॅक्टर गेला. त्यांना बॅगा उचलायला लावलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गेला. घराचं कुलूप तीनतीनदा ओढून बघायला लागले. एकदा मामी माहेरी असताना तर कामावर येताना पाटस स्टेशनला उतरून कुलूप बघायला माघारी गेले. लोक हसायचे. मीही हसायचो.

आम्हा प्रोटेस्टंटांत पाळकासमोर कबुली द्यायची सोय नाही, थेट वरच बोलावं लागतं. दहा वर्षं बोललो. पण वायर काढल्यावर कॅप्टनला काय ऐकू जाणार? शेवटी एसटीनं दौंडला गेलो आणि मामांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सकाळच्या विमानाचं खोटंसुद्धा.

मामा ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "म्हंजी मी इसराळू न्हाई?"

"नाही, मामा."

"अगं ए, भाईर ये! ह्ये गाढव काय म्हणतंय ऐक!"

मामी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "आन् ट्रॅक्टर गेला त्याचं काय?"

"जाऊंदे खड्ड्यात! डोकं हाय माझं ठिकाणावर!" मग माझ्याकडं वळले. "दहा वर्सं कुलूप वढतोय मी, भाड्या. धर कान."

चाळिशीच्या वयात, गल्लीतल्या लोकांसमोर मी कान धरले. मामा सोड म्हणेपर्यंत सोडले नाहीत.

जेवण झाल्यावर दोघं मला स्टँडवर सोडायला निघाले. मामांनी कुलूप लावलं. मामी सवयीनं म्हणाल्या, "वढून बघितलं का?"

"न्हाई बघायचं!" मामा छाती काढून चालायला लागले.

कोपऱ्यावर गेल्यावर मला राहवेना. रुमाल राहिला म्हणालो आणि एकटाच माघारी आलो. कुलूप कडीत नुसतं लोंबत होतं. दाबलंच नव्हतं.

मी ते आवाज न करता दाबलं. वळून बघितलं तर कोपऱ्यावरून मामा माझ्याकडंच बघत होते. मानेनंच विचारलं, काय?

मी हात उंच करून अंगठा दाखवला. मामांनी हात हलवला आणि स्टँडकडं वळले.