यादीत नसलेलं घर

सोळा वर्षं आमच्या मंडळीच्या घरप्रार्थनेची यादी माझ्याकडे होती, आणि ती मी फार उत्तम सांभाळते असं मला वाटायचं. शाळेतून निवृत्त झाले तरी हजेरी घ्यायची खोड गेली नव्हती. कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, कुणाचा जिना म्हाताऱ्यांना चढवत नाही, सगळं मला पाठ. पंचकमिटीत पाच पुरुष होते, पण यादीच्या बाबतीत माझ्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

पद्धत अशी, की दर बुधवारी संध्याकाळी मंडळीतल्या एकेका घरी प्रार्थना होते. गाणी, वचन, मग चहा. ते घर कुठलं, हे मी आदल्या रविवारी उपासनेच्या शेवटी पुढे उभी राहून वाचते. नाव वाचलं की ते अख्खं कुटुंब जागेवर उभं राहतं, सगळे माना वळवून बघतात आणि कुटुंब परत बसतं. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटाचं कुणाला एवढं काय असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. माझं स्वतःचं घर दर वर्षी यादीत असायचंच.

आमच्याकडे ढोलकी वाजवणारा एक जण होता. मूळचा दिंडोरीकडचा, सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर, राहायलाही तिथेच. शिफ्ट जमेल त्या रविवारी बायकोला आणि मुलीला मोटरसायकलवर बसवून यायचा. त्या दोघी शेवटच्या बाकावर, हा पुढे हार्मोनियमशेजारी. दिवाळीनंतर तिघांचंही येणं थांबलं. आधी वाटलं, शिफ्ट असेल. मग कुणीतरी बातमी आणली की ते हल्ली सातपूरमध्येच पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या दुसऱ्याच एका छोट्या प्रार्थनासंगतीत जातात.

माझा पारा चढला. इकडे ढोलकीवाचून आमच्या गाण्यांची पार वाट लागली होती. पुढचे बाक कडवं संपवून पुस्तक मिटायचे तरी मागचे दुसऱ्याच ओळीत असायचे. मी तडक पाळकसाहेबांकडे गेले आणि जे जे तोंडाला आलं ते बोलले. इतकी वर्षं या माणसांना आपलं मानलं, आणि ही असली परतफेड!

आमचे पाळकसाहेब वयानं माझ्या धाकट्या भावाहून लहान, कळवणकडचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ती घरप्रार्थनेची यादी आणता का?" मी मोठ्या ऐटीत वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. ते पानं उलटत राहिले.

"बाई, यात सातपूरचं एकबी घर नई शे," ते म्हणाले. एरवी अगदी शुद्ध बोलतात. मनाला काही लागलं की त्यांच्या गावची भाषा बाहेर येते.

"नाहीच आहे. मुद्दाम ठेवलं नाही," मी म्हटलं. "एक खोली. त्यात तीस माणसं बसणार कुठे? नवऱ्याची शिफ्टची नोकरी, वर सगळ्यांचा चहा. मी त्यांचा त्रास वाचवला."

"नको असं त्यांनी सांगितलं होतं?"

त्यांनी तर उलटंच सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर त्याच्या बायकोनं मला थांबवून विचारलं होतं, "बाई, आमच्याकडं कधी?" मी म्हटलं होतं, "बघू गं, पुढच्या वेळी." वर प्रेमानं तिच्या खांद्यावर हातही ठेवला होता. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं, आणि पोरगी समजूतदार आहे म्हणून मी मनातल्या मनात तिचं कौतुक केलं.

"तुम्हीच जाऊन या ना," मी पाळकसाहेबांना म्हटलं. "तुमचा शब्द मोडणार नाहीत."

"मी गेलो तर पाळक येऊन गेले, एवढंच होईल. यादी तुमची आहे, बाई."

आवाज चढला नव्हता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शनिवारी त्याच्या कारखान्याला सुट्टी असते, म्हणून शनिवारी दुपारी रिक्षा करून गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. दुसऱ्या मजल्यावरची खोली, बाहेर लांब गॅलरी. दार त्यानंच उघडलं. "जय ख्रिस्त, बाई. लय दिवसांनी," असं म्हणून खुर्ची पुढे केली, जणू काही घडलंच नव्हतं. बायकोनं न बोलता चहा ठेवला. सहावीतली मुलगी पलंगावर बसून गृहपाठ करत होती.

खुर्चीत बसल्या बसल्या मी सवयीनं खोली मोजायला लागले. इकडे सहा, भिंतीला चार, दारात दोन. मग माझी मलाच शरम वाटली आणि मी वर बघायला लागले. माळ्यावर सुतळीनं बांधलेलं एक खोकं होतं, त्यावर कपबशीचं चित्र.

बायकोनं माझी नजर पाहिली. "दोन डझन हायेत," ती म्हणाली. "तुम्ही पुढच्या वेळी म्हणाला होता ना, तेव्हाच आणलेत."

जुळवलेली सगळी वाक्यं गेली. "माझं चुकलं," एवढंच मी म्हटलं. इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्याहून लहान माणसाला हे दोन शब्द मी कधी बोलल्याचं आठवत नाही.

"राग नाय, बाई," तो म्हणाला. "शेडमधले लोकबी चांगले हायेत. पण आपलं चर्च सोडलं ते हिच्यापायी." त्यानं मुलीकडे पाहिलं. "दर रविवारी घरी जाताना इचारायची, पप्पा, आपण कधी उभं राहायचं? आता लेकराला मी तरी किती येळा बघू म्हणू?"

मुलीनं वहीतून मान वर केली नाही. मी त्रास वाचवत होते म्हणे! कुणाचा?

"उद्या तुमचं घर वाचू?" मी कसंबसं विचारलं. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"बघू, बाई," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिचं खरंच ठरलं नव्हतं.

घरी न जाता मी सरळ पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आले तर वाचा. नाही आले तर पुढच्या शनिवारी आपण दोघं जाऊ." या घरची प्रार्थना शनिवारी ठेवायची, असंही आम्ही ठरवलं. एका पंचांनी कुरकुर केली, बुधवार म्हणजे बुधवार. हे वाक्य मूळ माझंच. तरी मीच त्यांना गप्प केलं.

रविवारी शेवटचा बाक रिकामा होता. पहिलं गाणं नेहमीसारखं रडतखडत संपलं. त्यांचं नाव लिहिलेली चिठ्ठी माझ्या गाण्यांच्या पुस्तकात होती. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. आता ते येत नाहीत, असं मी मनाशी धरून चालले. आमेन झालं, हार्मोनियमनं सूर धरला आणि त्याच्या जोडीला ढोलकीची थाप पडली. डोळे उघडले तर तो आपल्या जागी बसलेला, हेल्मेट अजून पायाशी. बाकांनी एकदम ताल पकडला. मला गाता येईना. इतकं हायसं वाटलं की मी नुसती पुस्तक धरून उभी राहिले.

सूचनांच्या वेळी मी पुढे गेले. "या आठवड्याची प्रार्थना शनिवारी, सातपूर येथे..." एवढं म्हणते तोच शेवटच्या बाकावर मुलगी उभी राहिली. आईनं तिचा फ्रॉक ओढला, अजून नाव यायचं होतं. ती काही बसली नाही. मी नाव वाचलं, मोठ्यानं वाचलं. मग आई उभी राहिली, पुढे ढोलकी बाजूला ठेवून बाप उभा राहिला. सगळ्या माना वळल्या. पुढची सूचना वाचायची मी मुळीच घाई केली नाही.

शनिवारी तीसच्या वर माणसं आली. खोलीत, गॅलरीत, जिन्यावर बसली. शेजारच्यांनी सतरंज्या दिल्या, पलीकडच्या भाभींनी म्हाताऱ्यांसाठी आपल्या खोलीचं दार उघडलं. जागा अपुरी आहे असं माझ्याशिवाय कधी कुणाला वाटलंच नव्हतं. कप मात्र खरंच अपुरे पडले. मुलगी ट्रे घेऊन माझ्यापर्यंत आली तेव्हा तो रिकामा होता.

"बाई, तुम्हाला पुढच्या फेरीत," ती म्हणाली. "थांबाल ना?"

"थांबते की," मी म्हटलं, आणि थांबले.