परीक्षकाचे नातेवाईक बाद

आमच्या इंदूरच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात वागण्याचे नियम लग्नातल्या मानपानापेक्षा कडक असतात. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. दाराला टेकायचं नाही. मालकाने बोलावल्याशिवाय आत डोकावायचं नाही. परीक्षक समोर आले की बॉनेट उघडून बाजूला उभं राहायचं आणि विचारतील तेवढंच सांगायचं. स्पर्धकाने हॉर्न वाजवायचा नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीच्या रंगाबद्दल मत तर मुळीच द्यायचं नाही. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इथे आले, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. हिवाळ्यातल्या रविवारी सासऱ्यांबरोबर त्या मैदानावर जाऊन जाऊन मी हे सगळं शिकले.

सासऱ्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. ते वीज खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची अँबेसेडर सायीच्या रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तिच्या सीटची कापडंसुद्धा मूळची होती आणि तशी दिसतही होती. तिला कधीच बक्षीस मिळालं नव्हतं. मागच्या वर्षी पहिलं बक्षीस अशा एका गाडीला गेलं, जिच्यात मूळचं म्हणावं असं फक्त मालक उरला होता. रंग नवा, चाकं नवी, आत निळे दिवे आणि मोबाइलवर चालणारी गाणी. परीक्षकांनी त्या गाडीत बसून फोटो काढला आणि निकाल दिला.  घरी आल्यावर पुढचे कित्येक दिवस बाबांचा जेवताना तोच विषय. "मी तर बोलतो, परीक्षा घ्यायची तर परीक्षकांची घ्या," हे त्यांचं पालुपद.

या वेळी परीक्षक तिघे ठरले होते. एक उज्जैनचे गॅरेजवाले, चकाकी हाच धर्म मानणारे. दुसरे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्या मते गाडीवरचा गंज पुसणं म्हणजे शिलालेख पुसणं. तिसरे कोणी बडे पाहुणे होते. त्यांनी सकाळीच फोन करून येत नाही म्हणून कळवलं. दोनच परीक्षक, तेही असे, म्हणजे निकाल लागणं अशक्य. तेव्हा आयोजकांनी, म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून फिरणाऱ्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यांनी, माइकवरून विचारलं की इथे कोणी शिकलेला, निष्पक्ष माणूस आहे का.

मी पोहे खात होते. बाबांनी माझा हात धरून वर केला. चमचा हातातच होता.

"ही माझी सून आहे. कॉलेजात प्रोफेसर आहे," बाबा मोठ्याने म्हणाले. "गाड्यांतलं हिला काही समजत नाही, म्हणजे एकदम निष्पक्ष."

त्यांचा हिशोब मला लगेच कळला. आयोजकांनी मात्र खूश होऊन माझ्या छातीवर परीक्षकाचा बिल्ला लावला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेजारच्या लाल, टप उघडणाऱ्या गाडीचे मालक पुढे आले. हे दातांचे डॉक्टर, काही वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलेले, फार सभ्य माणूस. सभ्य माणसं हसत हसत बोलायला लागली की मला भीतीच वाटते.

"काका, अभिनंदन," ते म्हणाले. "पण परीक्षकाचे नातेवाईक बाद, असा नियम आहे ना?"

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं, कारण हा नियम कोणी आणला ते सगळ्यांना माहीत होतं. एका परीक्षकाच्या भाच्याला बक्षीस मिळालं होतं, तेव्हा बाबांनीच सभेत उभं राहून, टेबलावर मूठ आपटून हा नियम करवून घेतला होता. मी बिल्ला काढायला लागले. बाबांनी हात आडवा केला. "राहू दे," म्हणाले, "नियम म्हणजे नियम." मग त्यांनी काचेवरचा स्पर्धकाचा कागद सोलून काढला, गाडी सुरू केली, रांगेतून बाहेर काढली आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कडुनिंबाखाली नेऊन उभी केली. मला वाटलं, रुसले. आता वर्षभर जेवताना मी विषय असणार.

मी दोन्ही परीक्षकांबरोबर रांगेत फिरू लागले. परीक्षकाला चहा द्यायचा नाही असा नियम असल्याने लोक मला सरबत देत होते. एका गृहस्थांनी आजोबांची वरात याच गाडीतून कशी निघाली ते सांगितलं, आणि आजोबांच्या फोटोकडे पाहून मी काहीतरी छान बोलेपर्यंत मला पुढे जाऊ दिलं नाही. एक अख्खं कुटुंब पगडी, नऊवारी आणि नथ घालून उन्हात गाडीला शोभा म्हणून उभं होतं; त्यातल्या आजी मला हळूच म्हणाल्या, हमको बिठवा दो. आणखी एकांनी मागचं दार उघडून मला सांगितलं, "मॅडम, वास घ्या. ओरिजिनल आहे." मी घेतला. ओलसर चादरीचा वास होता. गॅरेजवाले म्हणाले, सीट बदला. प्राध्यापक म्हणाले, खबरदार. दोघे मग माझ्याकडे बघायला लागले. मला रसायनशास्त्र येतं एवढ्या आधारावर मी गंभीरपणे मान हलवली.

तेवढ्यात कडुनिंबाखालून हॉर्न वाजला. लांब, जाड, म्हैस रेकावी तसा. आम्ही सगळे वळलो. बाबांनी गाडीची चारही दारं सताड उघडली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावत होते. या, बसा, हात लावा, वाजवा. मुलं आत घुसली होती, एक काकू बॉनेटला टेकून फोटो काढून घेत होत्या. आयोजक शिट्टी वाजवत धावले. बाबांनी त्यांना शांतपणे समजावलं की हॉर्नचा नियम स्पर्धकांसाठी आहे, आणि आपल्याला तर सन्मानाने बाद केलेलं आहे. आयोजकांनी थोडा विचार केला, शिट्टी खिशात टाकली आणि एकदा हॉर्न वाजवून बघितला.

मग चकरा सुरू झाल्या. मैदानाच्या कडेने एक फेरी, माणसं उतरायची, दुसरी चढायची. बघता बघता रांग लागली. इकडे स्पर्धेच्या रांगेतल्या गाड्यांजवळ फक्त मालक उरले. त्यांच्या घरचे सगळे कडुनिंबाकडे. पगडीवालं कुटुंब तर नथींसकट गेलं.

त्या रांगेतून साठीपुढच्या एक बाई पुढे आल्या. पांढरे केस कापलेले, पायात बूट. त्यांनी बाबांना सांगितलं की त्यांच्या यजमानांची अशीच गाडी होती आणि ती त्याच चालवायच्या, कारण यजमान गिअरमध्ये गोंधळायचे. मग अगदी सहज विचारलं, "मी चालवून बघू?"

बाबांनी ती गाडी कधी कोणाच्या हाती दिली नव्हती. माझ्या नवऱ्यालाही नाही. तो अजून त्या विषयावर बोलत नाही. मी लांबून बघत होते. बाबांनी एकदा स्टिअरिंगवरून हात फिरवला, मग ते ड्रायव्हरच्या जागेवरून उतरले आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसले. बाईंनी दांडा खाली ओढला, पहिला गिअर घातला, आणि गाडी एकही धक्का न देता निघाली. त्या बाई हसत होत्या, बाबा हसत होते, मागे बसलेले अनोळखी लोकही. कोपऱ्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून जुन्या पद्धतीने वळण्याची खूण केली, तेव्हा सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. प्राध्यापक परीक्षण सोडून चकरेच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

स्पर्धक मात्र चिडले. ते माझ्याकडे आले, कारण मी परीक्षकही होते आणि सूनही. एवढ्या गोंगाटात परीक्षण कसं व्हायचं, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. बाबांना समजवायला मी कडुनिंबाकडे गेले. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी पुढचं दार उघडलं. "आधी बस बेटा. चलता चलता बोल." मी बसले. काय बोलायचं होतं ते पहिल्याच वळणावर विसरले. खिडकीतून थंड वारा येत होता, मागच्या सीटवरच्या बायका कुठलीशी लग्नातली गाणी म्हणत होत्या, बाबांनी मला हॉर्न वाजवायला सांगितला आणि मी वाजवला. पुन्हा वाजवला. छातीवर बिल्ला, डोकं खिडकीबाहेर, आणि मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांत मी इतकी हसले नव्हते.

गाडी थांबली तर समोर दंतवैद्य, हातात मोबाइल. परीक्षक नातेवाइकाच्या गाडीतून फिरताना, असा फोटो त्यांनी काढला होता आणि तो आयोजकांना दाखवणार होते. त्यांनी फोटो मोठा करून मलाही दाखवला. मी बघितला, मग फोटोतल्या मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे तोंड उघडून गाणाऱ्या दोन बायका त्यांची बायको आणि सासूबाई होत्या. डॉक्टरांनी मोबाइल हळूच खिशात ठेवला. सासूबाई खाली उतरायला तयारच नव्हत्या.

आता निकाल द्यायचा होता. गॅरेजवाल्यांना आरशासारखी चकाकणारी एक किरमिजी गाडी हवी होती. प्राध्यापकांना गंजलेली एक जीप हवी होती, जिला पत्र्यापेक्षा भोकं जास्त होती. दोघे एकमेकांचं ऐकेनात. तेव्हा मी म्हणाले की सगळ्यांनी गाडी एकदा सुरू करून दाखवावी. हे नियमात नव्हतं. बरीच कुजबुज झाली. कोणी पेट्रोल नाही म्हणाले, कोणी म्हणाले इंजिन गार हवेत चिडतं. किरमिजी गाडी तर ट्रकवर चढवून आणली होती, तिच्या पोटात बॅटरीच नव्हती. जीप खोकली, धूर सोडला आणि गप्प झाली. डॉक्टरांची लाल गाडी सुरू झाली, पण तिचा आवाज ऐकून ते स्वतःच घाईने बंद करायला धावले.

रांगेच्या शेवटी एक छोटी, फिकट हिरवी गाडी होती. इंदूरजवळच्या बेटमा गावातल्या दोन बहिणींची, दोघी शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी धुक्यातून ती स्वतः चालवत आल्या होत्या. मागच्या सीटवर मटाराच्या शेंगांचं पोतं होतं, शहरात कृष्णपुऱ्याजवळ राहणाऱ्या भाचीला द्यायचं म्हणून. गॅरेजवाल्यांनी पोत्यापायी गुण कापले होते. धाकट्या बहिणीने किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली जशी ती वाटच बघत होती. थोरली म्हणाली, "रोजचीच आहे हो आमची." किरमिजीला मिळण्यापेक्षा हिला मिळालेलं बरं, असं प्राध्यापकांना वाटलं. जीपला मिळण्यापेक्षा हिला मिळालेलं बरं, असं गॅरेजवाल्यांना वाटलं. मला ती मनापासूनच आवडली होती. असा आमचा एकमताने निकाल लागला.

दोघी बहिणी बक्षीस घ्यायला एकत्रच आल्या आणि ढाल नक्की कोणी धरायची यावर माइकसमोर भांडल्या. किरमिजी गाडीच्या मालकांनी पुढच्या वर्षी इंजिन सुरू करण्याविरुद्ध नियम आणणार असं जाहीर केलं. डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला आणि निकाल योग्य असल्याचं सांगितलं. त्यांच्या सासूबाई मागे उभ्या होत्या, त्यामुळे किती मनापासून ते कळलं नाही.

बाबांनी कोण जिंकलं हे विचारलंसुद्धा नाही. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. पांढऱ्या केसांच्या बाई आणि त्यांची मुलगी आमच्या मागच्या सीटवरच होत्या, त्यांना राजवाड्यापाशी सोडायचं ठरलं होतं. राजवाड्याच्या गर्दीत आम्ही असे अडकलो की चारही बाजूंनी रिक्षा. एका स्कूटरवाल्याने खिडकीपाशी येऊन खास इंदुरी थाटात विचारलं, "भिया, कौन सा मॉडल है?" बाबांना आवाज फुटेना, तेव्हा मागून त्या बाईंनीच सगळी माहिती दिली, साल, गिअर, ॲव्हरेज, सगळं. स्कूटरवाल्याला वाटलं गाडी त्यांचीच. बाबांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

घरी पोचलो तर माझ्या सासूबाई ताटं मांडत होत्या. त्या या प्रदर्शनांना कधी येत नाहीत. म्हाताऱ्यांची भांडणं उन्हात उभं राहून का ऐकायची, असं त्यांचं मत. त्यांनी बक्षिसाचं विचारलं. बाबांनी घोगऱ्या आवाजात, खाणाखुणा करत सगळं सांगितलं. जिथे आवाज बसला तिथे मी सांगितलं. त्या ताटं मांडता मांडता ऐकत होत्या. परक्या बाईंनी गाडी चालवली हे ऐकल्यावर त्यांनी भाजीखालचा गॅस बंद केला, शाल घेतली, चपला घातल्या आणि जाऊन पुढच्या सीटवर बसल्या.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"मलाही एक चक्कर," त्या म्हणाल्या.

मी पळत जाऊन मागे बसले. बाबांनी चोक ओढला, आणि आम्ही धारच्या रस्त्याला लागलो.