पुढच्या पानावर

एलोजी रोहेकर पेन्शनीत निघाले, तरी वेल्ह्यात सगळे त्यांना कंपाउंडरकाकाच म्हणत. जातीनं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी चूल पेटवायची नाही, बाजारात जायचं नाही, ओट्यावर हिब्रू पोथी उघडून बसायचं. मी शेजारच्या खोलीतला शाळामास्तर. माझं डोकं खायला त्यांना तेवढा एक वार पुरे होई.

त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. देव अब्राहामाला सांगतो, तुझा लाडका मुलगा डोंगरावर ने आणि मला वाहा. बाप सुरी घेऊन निघतो आणि ऐन वेळी देव त्याला थांबवतो. काका म्हणत, हिब्रूत होमात वाहणं आणि वर नेणं याला शब्द एकच. देव 'वर ने' एवढंच म्हणाला असेल. नेलास, आता खाली आण. "मग वाटभर त्या बापाच्या जिवाची झाली ती होळी फुकटच?" मी चिडून विचारी. त्यावर ते पुढचं पान उलटत नसत, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागत.

एकोणीसशे सत्तावन सालच्या एका शनिवारी डोंगरातल्या वाडीवरून हैबती धनगर आला.

"काका, घरवालीला औषध द्या. पानी सोडून कायबी पोटात न्हाई."

"का रे?"

हैबती जमिनीकडं बघत बोलला. लेक सगुणा तापानं फणफणली होती, तेव्हा त्यानं खंडोबाला नवस केला होता, वाचली तर तुला वाहीन. पोर वाचली. उद्या टेकडीवरच्या देवळात तिच्या गळ्यात कवड्यांची माळ पडणार होती. मुरळी म्हणून सोडलेल्या पोरीला पुढं घर नाही, संसार नाही. आईला, धोंडाबाईला, वर नेणार नव्हते, कारण ती रडून अपशकुन करील. कायद्यानं बंदी होती. मी फौजदाराला सांगेन म्हणालो.

"सांगा की गुर्जी," हैबती म्हणाला. "द्येवाला कोन सांगनार?"

काकांनी त्याला बसवून ती गोष्ट सांगितली आणि तो शब्दही सांगितला. "देवानं फक्त वर ने म्हटलं असेल, हैबती."

"असंल म्हंजे? नक्की सांगा."

काकांनी पोथीतल्या त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं. हो म्हणायला काय जात होतं? एक पोर वाचली असती. मला त्यांचा संताप आला.

"नक्की नाही," ते म्हणाले. "शब्द दोन्हीकडं जातो."

हैबती उठला. "नवस माज्या तोंडचा हाय. पोरीचं काय वंगाळ झालं तर तुमी येनार न्हाई." पायरी उतरता उतरता तो थांबला. "त्या पोराची आय कुठं व्हती?"

"घरी. तिला सांगितल्याचं लिहिलेलं नाही."

"मग फुडं?"

काकांनी पान उलटलं. "पुढं ती मेली."

हैबती औषध न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो. हैबती आणि सगुणा चढत होते. त्यांच्या मागं, दगडांना धरत, धोंडाबाईही होती. वर ढोल वाजू लागला. मग एकाएकी बंद झाला. काका तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते. मी नास्तिक माणूस, पण माझेही हात जोडले गेले.

पुष्कळ वेळानं तिघं उतरताना दिसली. पोरीचं कपाळ भंडाऱ्यानं पिवळं झालं होतं. गळा लांबून दिसेना. जवळ आली तेव्हा दिसला. मोकळा होता.

"हिलाच बोलू दिलं द्येवाम्होरं. पोर माघारी मागितली हिनं," हैबती धोंडाबाईकडं बघत म्हणाला. "काय व्हईल ते आता आमा दोगांवर."

त्याच्या आवाजातली भीती गेलेली नव्हती. धोंडाबाईनं पोरीचं मनगट गच्च धरलं होतं. ती काकांपुढं येऊन मटकन खाली बसली.

"काका," ती म्हणाली, "भाकर हाय का?"

काका वळले आणि म्हातारपण विसरून घराकडं पळत सुटले.