टिंडल म्हणजे कोण?

परवा सकाळी चहा गॅसवर होता आणि शेजारच्या बिल्किसभाभी एक पत्र घेऊन दारात उभ्या. त्यांच्या खलाशी नवऱ्याला, अन्वरभाईंना, बंदरातला गाळ काढणाऱ्या मुंबईच्या एका ड्रेजर कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर आलं होतं. सहा महिने ते घरी बसून होते... आणि संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

"सर, खरं आहे की बनावट, एवढंच सांगा."

मी इंग्रजीचा रिटायर्ड मास्तर आणि स्वभावाने संशयी. आंब्याच्या पेटीतला वरचा थर उचलून खालचे आंबे पाहिल्याशिवाय मी पेटी घेत नाही. शिक्का पाहिला, सही पाहिली, ईमेल पाहिला. सगळं ठीक होतं... म्हणूनच संशय जास्त वाढला.

मग हुद्दा दिसला. 'टिंडल'.

एवढी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द कधी भेटला नव्हता. घरच्या डिक्शनरीतही सापडेना. गेल्या वर्षी आमच्याच आळीतला एकजण असल्याच पत्रावर दुबईला निघाला आणि एअरपोर्टवरून परत आला होता.

मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "भाभी, होकार कळवू नका. असा शब्दच नाही." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, पण शहाणपणाचं समाधानही वाटलं... खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात त्यांचे सासरे दाऊदचाचा आले. उभा जन्म मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

"काय लिवलंय ता मोठ्यान वाचा."

"टिंडल."

"परत वाचा."

"टिंडल."

चाचा चिडलेच. "अवो सर, ह्यो तांडेल. मी काय चाळीस वर्सं बोटीवर भजी तळली?"

मी नेटवर एक जुना शब्दकोश उघडला... खलाशांवरचा मुकादम तो टिंडल. शब्द आपल्याच किनाऱ्यावरचा. गोऱ्या साहेबाने जहाजावर ऐकला, त्याला जमला तसा लिहिला.

तरीही मी कंपनीचा नंबर वेगळा शोधून फोन केलाच. सवय जात नाही. पत्र खरं निघालं.

आज सकाळी अन्वरभाई मुंबईच्या गाडीत बसले. मी पाहिला तो शब्द चाचांनी ऐकला, म्हणून ते आज कामावर निघाले.

चाचांना इंग्रजी वाचता येत नाही, हे फार बरं झालं.