पंपमामांची टिचकी

पंपमामा कुजबुजले तरी अर्ध्या इब्रामपूरला ऐकू जाई. मी शाळेत पाढे घेत असताना शेजारच्या मळ्यातून त्यांचे "बाई, च्या जाली?" आले की माझ्याआधी मुलेच उत्तर देत.

पाठीवर पेट्रोलवर घरघरणारा फवारणी पंप, नाकातोंडावर काही नाही. कीडनाशक औषधाच्या नळीचे तोंड चोंदले की ते ओठांत धरून फुंकायचे. मी रागावले तर म्हणत, "बाई, वखद किडीक मारता. माणसाक कित्या मारतलां?"

मान मात्र त्यांना कलिंगडाचा होता. फळ कानाशी धरून टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि 'पिकलां' की 'कच्चां' ते सांगायचे. तोवर गावात कोणी सुरी उचलत नसे.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा शाळेत समारंभ झाला. आम्ही हौसेने तीन कलिंगडांचे देठ उडवून ती कागदी झालरीत बसवली. मामांनी त्यांतले एक निवडले, पणजीच्या पाहुण्यांनी कापले. आत पांढरेफट्ट. मामा म्हणाले, "राज्य नवां आसा. पिकूक वेळ लागतलो." पाहुण्यांना ते इतके आवडले की भाषणात दोनदा वापरले. मामा मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या पायरीवर बसून होते. "बाई, माका टिचकी आयकू येना. दोन वर्सां जाली." दोन वर्षे ते देठ आणि फळाखालचा पिवळा डाग पाहून निकाल देत होते, टिचकी नुसती लोकांसाठी. आमच्या हौसेने नेमके तेच दोन्ही काढून घेतले होते. त्यांच्या मोठ्या आवाजाला मी इतकी वर्षे हसले, याची मला लाज वाटली.

म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, औषध आणि मोटर दोघांनी मिळून कान खाल्ले, आता ते परत यायचे नाहीत. मामांनी पंप उतरवला आणि नवाच उद्योग काढला. हंगामाची पहिली कलिंगडे आली की गावातल्या फवारणीवाल्यांना पाठमोरे उभे करायचे, मागे टिचकी मारायची आणि पिकले की कच्चे ते विचारायचे. चुकला तो आधी डॉक्टरकडे, पंपाला नंतर हात. मामांना त्यांचे उत्तर ऐकू येत नसे, म्हणून फळ कसे आहे ते मला आधी मागून खुणेने सांगत आणि उत्तर बरोबर की चूक ते माझ्या तोंडाकडे पाहून ठरवत.

एका वर्षी त्या फवारणीवाल्यांतला बाबुली चुकला. घरात दोन लहान मुले, आणि ऐन कामाचे दिवस. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी मान हलवली: बरोबर.

मामांनी माझे तोंड नीट निरखले. मग, माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचां तोंड कच्चां आसा." आणि बाबुलीच्या पाठीवरचा पंप स्वतःच्या हातांनी उतरवला.

त्या वर्षी बाबुली माझ्यावर नव्हे, मामांवर रुसला. आता मामा नाहीत, माझीही डिचोलीला बदली होऊन जमाना झाला. बाबुली चतुर्थीला फोन करतो. मी अगदी हळू बोलते. त्याला सगळे ऐकू येते.