आतोबांची चिकटपट्टी

झिजणे या विषयाचा आमच्या आतोबांइतका खोल अभ्यास केलेला माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमचं घराणं नागपूरचं. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून हलली तेव्हा आजोबांच्या कचेरीबरोबर भोपाळला आलेलं. आतोबा मूळचे सांगलीचे, आणि विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात नोकरीला म्हणून इथे येऊन पडलेले. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांच्याकडे कार्बन ब्रश होते. ब्रश म्हटलं की लोकांना दात आठवतात नाहीतर भिंती. हा ब्रश म्हणजे साबणाच्या वडीएवढी ग्राफाइटची काळी वडी. फिरणाऱ्या यंत्राला ती चिकटून घासत राहते आणि तिच्यातून वीज आत पोचते. घासत राहायचं आणि झिजत जायचं, एवढंच तिचं आयुष्य. कुठली वडी किती तासांत किती झिजते हे मोजण्यात आतोबांनी सगळी नोकरी घालवली, आणि त्याबद्दल त्यांची कुणाकडेही तक्रार नव्हती.

या नोकरीचा परिणाम असा झाला की त्यांना जगात झिजेशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं. टाउनशिपमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये पाहुणा आला की ते आधी दारातल्या चपला उलट्या करून बघत आणि मग पाहुण्याकडे. माझी बायको लग्न ठरल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे आली, तेव्हा सगळे तिला शिक्षण आणि स्वयंपाक विचारत होते. आतोबा मात्र दारातून ओरडले, "उजवी टाच जास्त झिजलीय. मुलगी घाईची आहे, पण पाय घासत चालत नाही. पसंत!" दर दिवाळीला ते आत्याचा पोळपाट मधोमध आणि कडेला मोजत आणि जेवताना जाहीर करत, "यंदा पोळपाट पाव मिलिमीटर गेला." आत्या विचारी, "गेला म्हणजे कुठं गेला जी?" ते शांतपणे आमच्या पोटांकडे बोट दाखवत. त्यानंतर पोळी गिळणं आम्हाला जरा जड जाई.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोटांची. ग्राफाइट एकदा कातडीच्या रेघांत शिरलं की साबण, लिंबू, रॉकेल, कशालाही दाद देत नाही. आतोबांनी ज्याला हात लावला त्याच्यावर त्यांचा ठसा उमटलेला असे. वर्तमानपत्र, दुधाची पिशवी, आमची प्रगतिपुस्तकं, सगळ्यांवर. आणि या काळ्या बोटांनी ते सही मात्र विलक्षण जपून करत. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे दोन रकाने असत: नमुना बनवणाऱ्याची सही आणि पाहणाऱ्याची सही. ज्याने हाताने बनवला त्यानेच पहिल्या रकान्यात सही करायची, ज्याने डोळ्यांनी पाहिला त्यानेच दुसऱ्यात. स्वतः पाहिल्याशिवाय सही केली तर ती लबाडी, मग वर साहेब असो की मंत्री. एका साहेबांनी त्यांना "अरे, कर दो यार, सब ठीक ही होगा" असं म्हटलं, तर आतोबांनी सगळी चाचणी पुन्हा लावली आणि साहेबांना शेजारी स्टुलावर बसवून ठेवलं.

या नियमाचा फटका खुद्द मला बसला. माझं लग्न टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये होतं. आतोबा चाचणी अर्धी टाकून येणं शक्य नव्हतं. ते पोचले तेव्हा हार घालून झाले होते आणि पंगत बसायच्या बेतात होती. नोंदणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे मी पाहिलेलं नाही." वडील चिडले, गुरुजी हसले, आत्याने कपाळाला हात लावला. शेवटी आम्ही दोघं पुन्हा उभे राहिलो आणि तेच चुरगळलेले हार पुन्हा एकमेकांच्या गळ्यात घातले. आतोबांनी ते सगळं जवळून, कंबरेत वाकून पाहिलं, सही केली आणि मला कुंकू लावलं. फोटोत माझ्या कपाळावर कुंकवाच्या जागी काळा ठिपका आहे. बायको अजून म्हणते की दृष्ट न लागण्याची सोय आतोबांनीच केली होती.

त्यांच्या निवृत्तीच्या आसपास ती बातमी आली. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ग्राफाइटच्या तुकड्यावर साधी चिकटपट्टी लावली, ती सोलली, पुन्हा दुमडून सोलली, आणि असं सोलत सोलत एका अणूइतक्या जाडीचा थर वेगळा केला. नाव ठेवलं ग्राफीन. पोलादाहून बळकट, तांब्याहून सरस वीज वाहणारं, आणि इतकं पातळ की त्याहून पातळ काही असूच शकत नाही. आतोबांनी ती बातमी तीनदा वाचली. मग उठून टेबलाचा खण उघडला. आत निवृत्तीची आठवण म्हणून आणलेली ग्राफाइटची वडी होती आणि तिच्याशेजारी, वीतभर अंतरावर, चिकटपट्टीचं रीळ होतं.  "अरे," ते मला म्हणाले, "कारखान्यातही सगळी नोकरी हे दोघं एकाच खणात होते. मी पट्टी लावली ती फक्त लेबल चिकटवायला." मला वाटलं आता माणूस खचणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ते पट्टी सोलत बसले होते.

मग साकेत नगरातल्या त्यांच्या नव्या घरात चिकटपट्टीचं राज्य सुरू झालं. काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्या खिडकीच्या काचेवर, फ्रिजवर, कॅलेंडरवर, प्रत्येकीवर क्रमांक. एकदा तर आत्याच्या पाठीला नमुना क्रमांक सत्याऐंशी चिकटून ती हळदीकुंकवाला जाऊन आली. जवाहर चौकातल्या स्टेशनरीवाल्याने विचारलं, "बाबूजी, पैकिंग का काम खोल लिया क्या?" आतोबांनी दुकानात उभं राहून त्याला अणू, थर आणि षट्कोनी जाळी हे सगळं समजावलं, मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. तेव्हापासून तो रीळ पुढे करताना मान खाली घालून, घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचा, "मिला क्या, बाबूजी?" आणि आतोबा म्हणायचे, "अभी मोटा है."

अशी कित्येक वर्षं गेली. आम्हाला तो म्हातारपणीचा छंद वाटे, आणि तो तसाच चालू राहिला असता. पण एक दिवस आतोबांनी पोळपाट मोजला आणि म्हणाले, "हा वाकडा कसा झाला?" पोळपाट सरळ होता. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा आतून झिजतोय; कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू पुसत जाईल, औषधाने फार तर वेग कमी होईल. आतोबांनी तिथेच विचारलं, "महिन्याला किती झीज धरायची?" डॉक्टर गडबडले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "मला एकदा तो थर बघायचाय. मी बनवलेला. डोळे आहेत तोवर. मग गेले तरी चालतील." आतोबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. 

माझी मुलगी ईशा तेव्हा इथल्याच एका संस्थेत याच विषयात संशोधन करत होती. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, आजोबांची मेथड एकदम सही आहे! आम्ही पण टेपच वापरतो." फरक एवढाच, की शेवटी ती पट्टी सिलिकॉनच्या खास चकतीवर दाबायची. त्या चकतीवर एकच थर असला तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पुसट छटा दिसते. रविवारी नमुने न्यायला येते, असं तिने कळवलं. आतोबांनी रात्रंदिवस खपून त्यातल्या त्यात चांगल्या सहा पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवल्या.

आणि तिथे आत्याने घोळ घातला. नातीबरोबर तिच्या मैत्रिणी येणार, म्हणून ती सकाळी घर आवरायला लागली. टेबलावरची एक पट्टी तिला फारच मळकी वाटली. आत्याला मळ सहन होत नाही, आणि नवऱ्याची वस्तू फेकायचं धाडसही होत नाही. तिने मधला मार्ग काढला. नवी पट्टी घेतली, त्या मळक्या पट्टीवर दाबली आणि काळं उपटून काढलं. पुन्हा नवी पट्टी, पुन्हा तेच. शालीवरचे केस काढतात तसं तिने अर्धं रीळ संपवलं आणि पट्टी लख्ख करून जागेवर ठेवली. आतोबा आंघोळीहून आले आणि टेबलाला डोळे भिडवून ओरडले, "हे कोणी केलं?" आत्या म्हणाली, "मी केलं. किती घाण करून ठेवली होती बाप्पा! पोरी काय म्हणतील?" आतोबा मटकन खुर्चीत बसले. "दोनशे बारा बाद," एवढंच म्हणाले. ईशाने मात्र सहाही पट्ट्या उचलल्या. घरच्या नमुन्यांची, तशाच दोन रकान्यांची नोंदवही आतोबांनी आत्याच्या हवाली केली. त्यांना आता ओळी दिसत नव्हत्या.

पंधरा दिवसांनी ईशाचा फोन आला. पाच पट्ट्या जाड निघाल्या होत्या. दोनशे बारामध्ये थर सापडला होता, एकच, यंत्रावर तपासून खात्री केलेला. हे ऐकून आतोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चाळीस वेळा सोलायला हवं होतं," ते म्हणाले, "मी वीसवर थांबत होतो. मला दया येत होती त्या ग्राफाइटची!"

आम्ही सगळे संस्थेत गेलो. सूक्ष्मदर्शकापाशी आतोबांनी आत्याला पुढे केलं, "तू आधी." आत्या एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली. "काही नाही जी, कोरीच तर आहे. एका कोपऱ्यात तेवढी जराशी सावली पडून राहिली." ईशा टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, वही है! तेच ते!" मग आतोबा वाकले. माझ्या लग्नात वाकले होते तसेच, कंबरेतून.  त्यांनी डोळा लावला, मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे, पुन्हा मध्ये आणली. मग सरळ होऊन म्हणाले, "दिसलं." ईशाने त्यांना मिठी मारली, तिच्या मैत्रिणींनी पेढे वाटले, आणि परतताना जवाहर चौकात गाडी थांबवून आतोबांनी स्टेशनरीवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं, "मिल गया." तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि त्याने आतोबांचे दोन्ही हात हातात घेतले.

मागच्या महिन्यात आत्याने औषधाची चिठ्ठी शोधायला सांगितली, म्हणून मी खण उघडला. त्यात रीळ होतं आणि नोंदवही होती. मी सहज ते पान काढलं. नमुना क्रमांक दोनशे बारा, थर एक. बनवणाऱ्याच्या रकान्यात आत्याची सही. पाहणाऱ्याच्या रकान्यातही आत्याचीच. आतोबांची सही त्या पानावर कुठेच नव्हती. मी दोन्ही रकाने पुन्हा वाचले. आत्याने मागून पाहिलं. "मी म्हटलं त्यांना, तुम्हीही करा नं सही," ती हळू आवाजात म्हणाली, "तर म्हणाले, एकाने पाहिलं की पुरतं."

बाहेर आतोबा खुर्चीत बसले होते, हातातली काळी वडी अंगठ्याने चोळत. आत्या चहा घेऊन गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "कसं होतं गं ते?" हे रोजचंच असावं, कारण आत्याने कप त्यांच्या हातात नीट दिला, शेजारी बसली आणि न कंटाळता सांगू लागली, "अहो, सांगितलं नं. पांढऱ्या पातळावर जांभळाचा डाग पडतो, धुतल्यावर जरासा राहतो, तसं. कडा मात्र सरळ, कात्रीनं कापल्यासारख्या." आतोबा डोळे मिटून ऐकत होते. चहा निवत होता. तिचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "कडा सरळ होत्या ना? मग बरोबर."